मुलांना मनाई

क्रूझच्या सगळ्यात वरच्या डेकवर फक्त मोठ्यांनी निवांत पहुडावं म्हणून राखलेली जागा होती. तिथल्या दारात मारिवेलची ड्युटी. खालच्या स्विमिंग पूलमधून एखादं पोर निथळत वर पळत आलं, की तिनं हसायचं आणि गोड आवाजात विचारायचं, "बाळा, आई कुठाय तुझी?" मग त्याला आईकडे पोचवून यायचं. आतल्या कुणाची झोपमोड झाली, तर बोलणी तिलाच बसत. नऊ महिने तिनं रोज वीस-वीस पोरं अशी परतवली.

करार संपला आणि ती इलोइलोला घरी आली. पहिल्याच दुपारी अंगणातल्या बाकड्यावर तिचा डोळा लागला. तेवढ्यात नळाखाली भिजलेली तिची चार वर्षांची लेक धावत आली आणि तिनं थंडगार हात आईच्या गालाला लावला. मारिवेल दचकून उठली आणि सवयीनं हसली.

"बाळा, आई कुठाय तुझी?"

स्वयंपाकघरातून आजी खो खो हसली. "अगं ए, शुद्धीवर ये! घरी आलीयस तू!"

पोरगी मात्र हसली नाही. नऊ महिने जो विचारेल त्याला ती जे उत्तर देत आली होती, तेच तिनं दिलं.

"बोटीवर."