उजवीकडचं सुकाणू

“सुनेत्रासान, हे काय करून ठेवलंय?”

हायाशीसान ताडपत्रीसमोर उभे होते. मालकांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सुनेत्राला जास्त भीती वाटली.

काम तसं सरळ होतं. तीस वर्षांची कॅटमरान, म्हणजे दोन निमुळत्या होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेली शिडाची बोट, मोडीत निघाली होती. तिचे वापरण्याजोगे भाग काढून वेगळे लावायचे. स्टील स्टीलच्या क्रेटमध्ये, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमच्या, दोर दोरांत. योकोहामाच्या या जुन्या बोटी मोडायच्या यार्डात बावीस वर्षं असंच चाललं होतं. जिथे घरचा कचरासुद्धा इतका निगुतीने वेगळा करतात, तिथे दुसरं काय होणार!

आणि सुनेत्राने काय केलं? ताडपत्रीवर मांडलेल्या एकेका पिशवीत कप्पी, तिचे बोल्ट, वायसर, दोर, सगळी खिचडी. वर चिकटपट्टीवर मराठीत ‘डावी, मागून दुसरी’. जपानी लिपीतली कांजी अक्षरं अजून हाताला वळत नव्हती.

“ॲल्युमिनियम आणि स्टील एकत्र? आणि हे वाचणार कोण?”

तिला रडूच आलं. ट्रायलच्या महिन्याचा आज शेवटचा दिवस. पुण्यात ती कारखान्यात मशीन जोडायचा विभाग सांभाळायची. नवऱ्याबरोबर इथे आल्यावर चार वर्षं कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, ओनिगिरीचे भातगोळे मांडले. ही नोकरी तिला हवीच होती. पण टोकियोतल्या ओजिमाच्या मराठी मंडळाचं गणपतीचं मखर दरवर्षी तीच सोडवायची. सोडवायचं ते पुढच्या वर्षी जोडण्यासाठी, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. भंगार कसं करतात, ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

“लगेच क्रेटमध्ये लावते,” ती म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

कावासाकीचे ओनुमासान, वय पंचाहत्तर. त्यांच्याकडेही अगदी याच बनावटीची बोट होती. वादळात ती धक्क्यावर आपटली आणि दोन वर्षं नुसती पडून राहिली. एखादी कप्पी मिळाली तर बघावी म्हणून ते आले होते. ताडपत्रीसमोर उकिडवे बसले ते उठेचनात.

“उजवीकडचं सुकाणू?”

सुनेत्राने पट्टी वाचून पिशवी पुढे केली.

“त्याच्या पिना?”

“आतच आहेत.”

“बिजागऱ्या?”

“त्याही.”

एक वायसर कमी नव्हता. म्हातारबुवा मागत गेले, ती देत गेली. दुपारपर्यंत ताडपत्री रिकामी आणि टेम्पो गच्च. शेवटच्या पिशव्या तर खुद्द हायाशीसाननी उचलून ठेवल्या. सुनेत्राला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

ओनुमासान हायाशीसानपुढे कमरेत वाकले. “माझी बोट पुन्हा पाण्यात जाणार. जोडायला या बाईंना रविवारी पाठवाल?”

“येईन की!” सुनेत्रा बोलून गेली.

“रविवारी नाही,” हायाशीसान म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

“आमच्याकडे नोकरीत कायम असणाऱ्यांना रविवारी सुट्टी असते. सोमवारी पाठवतो.”