jk;iqj म्हणजे रायपुर

jk;iqj. घरी बनवलेला लाकडी कीबोर्ड. बुद्धिबळ खेळणारा चाळीस ओळींचा प्रोग्राम. 'ही साइट मी हातानं लिहिली आहे.'

सगळी अनोळखी माणसांची पानं. ना जाहिरात, ना लॉगिन. एकाच्या पानावर दुसऱ्याचा पत्ता. यामिनी सकाळपासून उपाय शोधत एकातून दुसऱ्यात उड्या मारत होती. ऑफिसच्या वीस वर्षांच्या फायली जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. नव्या कंप्युटरवर 'रायपुर' उघडलं की दिसायचं jk;iqj. सोमवारपर्यंत त्या वाचता आल्या नाहीत, तर साहेब सगळ्या पुसून टाकणार होते.

नवव्या साइटवर अक्षरं बदलून देणारा प्रोग्राम सापडला! खाली हिंदीत एवढंच लिहिलं होतं: 'चला तो बताइए', चालला तर सांगा.

चालला. पहिली फाइल घडाघडा वाचता आली, दुसरी, दहावी! यामिनी खुर्चीतून उठून ओरडलीच. तिनं त्याच पानावरच्या पत्त्यावर मेल केला: 'आदरणीय सर, आप जादूगर हैं!' खाली नाव आणि नंबर.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"सर काहून म्हणतेस वं यामिनी? मी बूढ़ापारा मोहल्ल्यातली मंदाकिनी."

"काकू? ती साइट तुमची?"

"हव. ते राहू दे, रफार बरोबर बसला का सांग! त्यानं मले दोन वर्षं लय छळलं."

मागच्या रविवारी हळदीकुंकवात यामिनीनं मंदाकिनीकाकूंना व्हॉट्सॲपवर फोटो कसा पाठवायचा, ते तीनदा समजावून सांगितलं होतं.