पुढे सोडलेला

शर्यत ज्याच्या गावातून जाते त्याला बाकीचे सायकलपटू घटकाभर पुढे सोडतात, घरच्यांना भेटून घे म्हणून. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन तसंच पुढे पळायचं नाही, एवढीच रीत. ऑक्टोबरातल्या त्या शर्यतीत लोरिस इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरल्या आपल्या गावात एकटाच शिरला, तेव्हा त्याची छाती फुगली होती. आईने त्याचे मुके घेतले, तोंडात पावाचा तुकडा कोंबला. बाप मात्र वाइनच्या द्राक्षांची तोडणी सोडून खाली आला नव्हता. हातात कात्री घेऊन वरच्या बांधावर तसाच उभा होता.

"बघितलंत ना बाबा? सगळ्यांनी मान दिला मला!" लोरिस खालून ओरडला.

"मान कसला आलाय, लेका? ज्याची धास्ती असते त्याला कुणी पुढे सोडतं होय?" म्हणत म्हातारा पुन्हा घड तोडायला वळला.

लोरिसची कानशिलं तापली. आईचा हात झिडकारून त्याने सायकलवर टांग टाकली, रीतभात गुंडाळून ठेवली आणि मळ्यांमधल्या चढावर जीव खाऊन पेडल मारत सुटला. आता येतील सगळे शिव्या घालत मागे! येऊ देत!

तो माथ्यावर पोचला तरी मागचा रस्ता रिकामाच होता. कानातल्या यंत्रातून त्याच्या संघाचा प्रशिक्षक हसत होता.

"अरे, जरा दमानं! कुणी लागलेलं नाही तुझ्या मागे. म्हणतायत, जाऊ दे बिचाऱ्याला, त्याचं गाव आहे."