चादर

"अहो बाबा, चादर आहे ती, इस्त्री नाही!"

थोरली लेक वैतागली. बाबांनी ओरडून पाय पोटाशी घेतले होते. पाठीच्या ऑपरेशननंतर मॉर्फिन सुरू झालं, आधी बरं वाटलं, आणि आता यांना सुती चादरसुद्धा सोसवेना. डॉक्टरांच्या मागे लागून तिनेच डोस वाढवून घेतला, तर दुखणं उलट वाढलं. औषधाची चटक लागलीय, दुसरं काय, असा निकाल तिने देऊन टाकला होता.

"नाटकं पुरे हं आता," दारातून एवढं बोलून ती कामावर गेली.

काम प्रयोगशाळेतलं. उंदरांना काही दिवस मॉर्फिन द्यायचं, मग जाळीखालून नायलॉनचा बारीक केस पंजाला टेकवायचा. एरवी उंदीर ढिम्म हलत नाही. मॉर्फिनवरचा मात्र चटकन पाय ओढून घेतो. दुखणं थांबवणारं औषधच मज्जारज्जूला इतकं हळवं करून ठेवतं, की नुसता स्पर्शही झोंबतो. आज तिने मॉर्फिनवरच्या एका उंदराच्या कण्यात पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, टोचलं होतं, शरीर स्वतः बनवतं त्यातलंच एक. केस टेकला. पंजा जागचा हलला नाही.

सहकारी हरखला, पण शंकेखोर स्वभाव जातोय कुठे! "याला आधी खरंच दुखत होतं कशावरून?"

"पाय ओढत होता ना? उंदीर कशाला नाटक करेल?"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. मुक्या जनावराच्या पायावर तिचा विश्वास होता, बापाच्या तोंडावर नव्हता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पेप्टाइड माणसांपर्यंत यायला अजून अवकाश होता. "डोस हळूहळू उतरवू, औषध बदलून पाहू," डॉक्टर म्हणाले. "माझ्याही लक्षात यायला हवं होतं."

घरी आली तेव्हा चादर पलंगाखाली पडली होती. कपाटात ठेवून द्यावी म्हणून ती उचलायला वाकली. बाबांनी ते पाहिलं. घाईघाईने पाय सरळ केले, पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटले.

"घाल तू," ते म्हणाले. "आता नाही ओरडत."