पाण्याचा निळा

छत्री उडाली. पांढरीशुभ्र, स्टँडवाली, चित्रकारांसाठी म्हणून मुद्दाम विकत घेतलेली छत्री धबधब्याच्या वाऱ्याने उलटी झाली आणि थेट डोहात जाऊन पडली.

"गेली गं बाई!" नणंद काठावरून ओरडली. "आता काय, मी उडी मारू?"

"राहू द्या, वन्सं," चित्रकार बाई म्हणाल्या. "आजच्यानंतर ती लागणारच नव्हती."

बाईंनी ते सकाळीच ठरवलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्याच्याबरोबर त्यांच्या चित्रांतलं पाणीही गेलं. आधी लोक त्यांच्या तळ्यांसमोर खिळून उभे राहायचे. असा निळा कुणालाच जमत नाही, म्हणायचे. आता रंग तेच, ब्रश तेच, आणि पाणी मात्र भांडी विसळल्यासारखं. नणंदेने हट्टच धरला, म्हणून आज शेवटचं बघायचं. दोघी गाडी काढून सरकारी वनउद्यानं पालथी घालत होत्या. दोन तळी झाली होती आणि दोन्ही कागदावर मेली होती. हा धबधबाही नाही साधला, तर गॅलरीवाल्या बाईंना फोन करून सांगायचं, माझं चित्र काढणं संपलं.

"उन्हात बसून डोकं दुखवून घेऊ नकोस," म्हणत नणंद गाडीकडे गेली. डिकीत खुडबुड करून तिने स्टेपनीखालून एक छत्री ओढून काढली. पिवळीधमक. एक काडी वाकलेली.

बाईंनी ती लगेच ओळखली. ही नवऱ्याची छत्री. कुठल्याशा सेलमधून त्याने ती आणली, तेव्हा बाईंनी "लिंबू आणलंत की हो!" म्हणून त्याची यथेच्छ टर उडवली होती. त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. प्रत्येक तळ्याकाठी तो ती धरून मागे उभा राहायचा, बेसूर गुणगुणत. तो गेल्यावर ती छत्री बघवेना, म्हणून बाईंनी पांढरी आणली.

नणंद मागे उभी राहिली. बाईंनी कागद घेतला.

"थोडं डावीकडे," त्या सवयीने बोलून गेल्या. छत्री डावीकडे सरकली. ब्रश थांबला नाही.

छत्रीच्या छायेत कागद पिवळट दिसत होता. डोहाचा निळा त्यावर मळकट वाटला. बाईंनी आणखी निळा घेतला. तरी मळकटच. आणखी घेतला.

"दादा कसा गं उभा राहायचा इतका वेळ?" नणंद कुरकुरली. "माझ्या हाताला मुंग्या आल्या."

"कधी हूं की चूं केलं नाही त्यांनी."

चित्र झालं. काही खास नाही, असं पुटपुटत बाईंनी ते वाळायला गाडीच्या बॉनेटवर, उघड्या उन्हात ठेवलं आणि ब्रश धुवायला वळल्या.

"अगं वहिनी! इकडे बघ! आला की तुझा निळा!"

बाई धावतच आल्या. डोह कागदावर नुसता झळाळत होता. त्यांनी चित्र उचलून छत्रीखाली धरलं. मळकट. बाहेर काढलं. निळं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. दुःखाने हात गेला, असं सगळे म्हणाले होते, त्यांनाही ते पटलं होतं. हात कुठेच गेला नव्हता. तो असताना ती पिवळी सावलीच इतकी वर्षं त्यांना फसवून जास्तीचा निळा लावायला लावत होती; पांढऱ्या छत्रीखाली तो लागलाच नव्हता.

"केवढं देऊन गेलात हो," त्या छत्रीकडे बघत म्हणाल्या.

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" नणंद रडवेली झाली.

बाईंनी पदराने डोळे पुसले.

"लोक विचारायचे ना, हा निळा कुठून आणता म्हणून? वन्सं, तो माझ्या मागे उभा असायचा."