फटका पडेल तिथवर

सात नंबरच्या लहान काठीने मारला असता तर गोल्फचा चेंडू गायरानातच पडला असता. पण मोटरवाली लांब काठी आल्यापासून साहेबांना लहान काठी धरायची लाज वाटे. चेंडू दोन किलोमीटर उडाला आणि चांगुणाच्या अंगणात पडला.

मागोमाग मैदानाचा कारकून आला. "मावशी, कायदा माहितीय ना? चेंडू पडेल तिथवर मैदान. घर रिकामं करा."

"आणि साहेबाचा पुढचा फटका?"

"इथूनच. चेंडू पडतो तिथूनच मारतात."

म्हणजे आता पलीकडची लेकीची वस्ती जाणार. चांगुणाने चेंडूवर पाय रोवला.

"मावशी, पाय काढा!"

"बोलाव तुझ्या साहेबाला, मेल्या. काठी कुठलीही आणू दे. आधी हा पाय तोडावा लागेल म्हणावं."