दोनशे बारा वाचक

ग्रंथपालांच्या या अदलाबदलीत रमाकांतला मिळायचं होतं ते भरपूर होतं. जन्मातलं पहिलं विमान, चौदा दिवस स्कॉटलंड, आणि परत आल्यावर वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग ‘क’चा ‘ब’. द्यायचं होतं ते एवढंच: आधी तिकडची ग्रंथपाल चौदा दिवस इकडे येणार, तिला वाचनालय नीट दिसू द्यायचं नाही.

उंद्रीच्या पुढे, फाट्यावरून आत गेलं की गाव. गावच्या नोंदवहीत रोज दोनशे बारा वाचकांच्या सह्या. खरे वाचक अकरा, तेही पेपरापुरते. उरलेल्या सह्या रमाकांत सात पेनांनी करी. म्हाताऱ्यांच्या सह्या डाव्या हातानं. पुंजाजी वारून दोन वर्षं झाली होती, पण नोंदवहीत ते रोज दुपारी दोनला येऊन बसत.

खरा आकडा बाहेर पडला तर वाचनालयाला कुलूप. रमाकांत घरी, मदतनीस वंदनाही घरी. आणि तिच्या नोकरीवर आंधळी सासू नि दोन पोरी होत्या.

खोट्या आकड्यानंच घोटाळा केला. कुठल्याशा संस्थेच्या नजरेत तो भरला आणि आदर्श ग्रंथपाल म्हणून या अदलाबदलीसाठी रमाकांतची निवड झाली. नको म्हणावं तर लोक कारण विचारणार.

“सर, खरं सांगून टाका त्याईले,” वंदना म्हणाली.

“सांगतो न. मंग तू जाय निंदाले, अन् मी येतो तुह्या मांगं डबा घेऊन.”

वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव मात्र शांत होते. “काऊन घाबरून राह्यला बे? बाईले फिरव. फिरणाऱ्या माणसाले मोजायले टाइम नसते.”

बाई जानेवारीत आली, मुद्दाम मराठी शिकून. नाव आयला. गावाला दोन दिवस हसू आवरलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आयलाबाई झाली. रमाकांतनं तिला लोणारचं सरोवर दाखवलं, सिंदखेडराजा दाखवलं, शेगाव दोनदा दाखवलं. ती सकाळी विचारी, “आज वाचनालय?” हा म्हणे, “उद्या.”

एक दिवस टळला नाही. त्या दिवशी भगवंतरावांनी जेवणाच्या बोलीवर शंभर माणसं आणून बसवली. सगळ्यांनी दोन तास पहिलंच पान वाचलं. आयलाबाईचे डोळे भरून आले.

“या पुंजाजींना भेटायचंय,” ती नोंदवही चाळत म्हणाली. “दोन वर्षांत एक खाडा नाही.”

“जळगाव जामोदला गेलेत. लेकीकडे,” रमाकांत म्हणाला. वंदना उठून पाणी आणायला गेली, ती आलीच नाही.

निघताना आयलानं आपली टिपणवही उघडली. “आम्ही चौघी आहोत, संगणक आहेत, तरी साठ माणसं येत नाहीत. तुम्ही दोघं हे कसं करता?”

“गावाला वाचनाची गोडी आहे,” रमाकांत म्हणाला. तिनं ते लिहून घेतलं.

मे महिन्यात रमाकांत तिकडे उतरला. आयला घ्यायला आली होती. पहिल्या दिवशी तिनं किल्ला दाखवला. दुसऱ्या दिवशी तळं. तिसऱ्या दिवशी बोटीनं एक बेट, त्यावर नुसत्या मेंढ्या.

“वाचनालय कधी?” त्यानं विचारलं.

“उद्या,” ती म्हणाली.

तो ‘उद्या’ रमाकांतनं ओळखला. त्याच्याच घरचा होता. चौथ्या दिवशी पुन्हा किल्ला, पाचव्या दिवशी दुसरं तळं. तो ताट तसंच टाकून उठू लागला. नवव्या दिवशी त्यानं वंदनाला फोन लावला.

“वंदना, बाईले सगळं समजलं. माहाच डाव माह्यावर खेळून राह्यली ते.”

“मंग पाय धरा तिचे, सर. इकडं तपासणीचं पत्र आलं. तिचा अहवाल पाहूनच ठरवनार म्हंतात. पोरीची फी भराची हाय मले. धरा पाय.”

तेराव्या दिवशी आयलानं त्याला समुद्राकाठच्या कड्यावर नेलं. वारा असा, की उभं राहवेना. रमाकांत गवतातच बसला आणि एका दमात सगळं ओकला. दोनशे बारा नाहीत, अकरा आहेत. सात पेनं आहेत. पुंजाजी मेलेत. मला शिक्षा करा, पण अहवालात लिहू नका, एका बाईचं घर बुडेल.



“अकरा?” आयलानं विचारलं.

“पावसाळ्यात सात.”

“माझा अहवाल फेब्रुवारीतच गेलाय. तुमच्या संस्थेला आणि आमच्या नगर परिषदेलाही. दोनशे बाराच लिहिलेत. तुम्हाला वरचा वर्ग मिळेल.”

रमाकांतला रडू फुटलं. वंदना वाचली, वाचनालय वाचलं, आणि तो उगाच दहा दिवस उपाशी राहिला होता. त्यानं डोळे पुसले.

“मग तुम्ही मला वाचनालय का दाखवलं नाही?”

“लाज वाटली. तुमच्यासारख्या माणसाला ते कसं दाखवायचं?”

परतताना तिनं गाडी एका दगडी इमारतीपुढे थांबवली. दाराला साखळी होती. काचेतून रिकामी कपाटं दिसत होती. दारावर नगर परिषदेची सूचना होती. रमाकांतनं ती अक्षर लावत वाचली. भारतातल्या एका खेड्यात दोन माणसं, एकही संगणक नसताना, रोज दोनशे बारा वाचक सांभाळतात असं आढळल्यामुळे, साठांहून कमी वाचकांसाठी चार ग्रंथपाल ठेवणं परिषदेला परवडणारं नाही.

रमाकांतच्या गावाचं नाव बिनचूक लिहिलं होतं. इकडच्या दोन नोकऱ्या राहिल्या, तिकडच्या चार गेल्या. त्यातली पहिली आयलाची.